लिहिताना सोबत कुणाची? (अनुभव धागा)

धागा काढायला निमित्त एका चावीचं. माझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात नायिका कपाटाच्या खणात एक चावी टाकते आणि पुढे मीच ती विसरून गेले. तिसऱ्या प्रकरणाशी अकरा महिने अडले होते. पहिली दोन प्रकरणं एका लिहिणाऱ्या मैत्रिणीला वाचायला दिली होती. बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, त्या चावीचं काय केलंस पुढे?" मला आठवेचना, कुठली चावी! फोन ठेवला, फाइल उघडली, आणि पुढची सतरा पानं त्या चावीनंच लिहून घेतली. "छान लिहितेस" असं त्याआधी पुष्कळ जण म्हणाले होते. त्यानं बरं वाटतं, पण पान हलत नाही.

तर आता तुम्ही सांगा. लिहिणाऱ्यांपैकीच कुणी हात दिला असेल ते, पाय ओढला असेल तर तेही. फक्त नावं नकोत.

*

मी कविता लिहिते. माझा आणि एका कवीमित्राचा 'साभार परत'चा सामना चालतो. कविता परत आली की एक गुण, वर्षअखेरीस ज्याचे गुण जास्त तो जिंकला. गेल्या वर्षीचा सामना मी ३१ विरुद्ध २६ असा जिंकला. खेळ पोरकट आहे खरा, पण मेख अशी की जिंकायचं तर पाठवत राहावं लागतं. आधी मी वर्षाला चार कविता पाठवायचे आणि परत आल्या की महिनामहिना वहीला हात लावायचे नाही. आता आधी त्याला कळवते, तो चरफडतो. (त्याच वर्षी सात छापूनही आल्या. त्याला गुण नाहीत.)

*

आमचा पाच जणांचा गट होता. नियम एकच: ज्याची कथा, त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझ्या कथेत एक मामा होता, भाचीला रोज शाळेत पोचवणारा. चौघंही त्याच्याबद्दल संशयानं बोलायला लागले. हा मुलीचा हात इतका घट्ट का धरतो? घरी सांगू नकोस असं का म्हणतो? माझ्या मनात तो बिचारा नोकरी गेलेला, घरच्यांपासून ते लपवणारा माणूस! सांगून टाकायला जीभ शिवशिवत होती. नियम म्हणून गप्प बसलो आणि तासाभरानं ध्यानात आलं, नोकरी गेल्याचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतंच. मधे बोललो असतो तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि कथा तशीच संपादकाकडे गेली असती.

गट दीड वर्ष टिकला. मग एक गृहस्थ आले, त्यांची प्रत्येक सूचना "मी असतो तर..." पासून सुरू व्हायची. आधी दोघं यायचे थांबले, मग मी.

*

थोडं उलट लिहितो. मला सोबत मानवत नाही, निदान पहिला खर्डा होईपर्यंत तरी. एक दीर्घकथा डोक्यात शिजत होती. उत्साहाच्या भरात एका लेखकमित्राला दोन तास बसून सगळी सांगितली. तो खूश, टाळ्याबिळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो तर वाफ निघून गेलेली. दाद आधीच वसूल झाली होती ना! ती कथा अजून लिहायची आहे.

*

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. सांगून टाकणं वेगळं आणि लिहिलेलं वाचून दाखवणं वेगळं. इंग्रजी लेखक टॉल्किननं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९३७ च्या अखेरीस लिहायला घेतली, छापून आली १९५४-५५ मध्ये. मधल्या काळात तो लिहून झालेले भाग मित्रांच्या बैठकीत वाचायचा. त्याच बैठकीतल्या सी. एस. लुइस या लेखकमित्राचं ऋण प्रभावाचं नाही, निव्वळ उत्तेजनाचं आहे, असं त्यानं पुढे एका पत्रात म्हटलंय. गंमत म्हणजे लुइसच्या नार्नियाच्या गोष्टी टॉल्किनला फारशा रुचल्या नव्हत्या! आपल्याकडे १९२३ साली जमलेल्या रविकिरण मंडळातले कवीही कविता आधी एकमेकांनाच ऐकवायचे.

*

मी अनुवाद करते. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. माझ्या कादंबरीतली दोन पात्रं पहिल्या पानावर अनोळखी, शेवटी नवरा-बायको. मग 'तुम्ही'चं 'तू' नेमकं कुठल्या पानावर? मूळ लेखकाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. शेवटी रात्री साडेदहाला दुसऱ्या एका अनुवादिकेला मेसेज टाकला. पावणेएकपर्यंत आमचं चाललं होतं. मी म्हणत होते, पावसातल्या प्रसंगात. ती म्हणाली, "छे, भांडणात. रागाच्या भरात तिच्या तोंडून 'तू' निघून जाऊ दे, आणि त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करू दे." तसंच केलं. आभाराच्या पानावर तिचं नाव आहे, पण कशासाठी ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

*

लाज वाटते, पण लिहिते. आम्ही दोघींनी एकदमच लिहायला सुरुवात केली. पुरस्कार तिला मिळाला. त्या बातमीखाली "अभिनंदन, पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. पाचव्या दिवशी तिचा निरोप: नव्या कथेचा शेवट जमत नाहीये, बघतेस का? पाहिला. खरंच जमला नव्हता. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

*

३० दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचं ते नोव्हेंबरातलं आव्हान मीही घेतलं होतं, म्हणजे रोजचे १,६६७. एकविसाव्या हजारात गळाले. पण तेव्हा भेटलेल्या दोघींबरोबर अजून ऑनलाइन लिहायला बसते: कॅमेरा चालू, आवाज बंद, २५ मिनिटं. त्यांचं लिखाण मी आजवर वाचलेलं नाही.

*

इथे नवीन आहे. सगळं वाचतोय. एक कथा आहे, साडेसहा हजार शब्दांची, कुणालाही दाखवलेली नाही. अशी कुणाला पाठवली तर चालते का?

*

(धागाकर्ती) चालते की. पण पूर्ण झालीये ना? नसेल तर आधी वरचा वाफेचा प्रतिसाद वाचा. झाली असेल तर मला पाठवा, रविवारपर्यंत वाचते.