स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आधीच भरून ठेवावेत का?

सांजवात

मार्चमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गेले. रात्री पावणेदोनला, घरीच. काकू ७४ वर्षांच्या, मुलगी मेलबर्नला. ओळखीच्या डॉक्टरांनी फोन उचलला नाही. दुसरे म्हणाले, मी यांना कधी तपासलंच नाही तर मृत्यूचं कारण काय लिहू? दाखला हातात पडेपर्यंत साडेचार वाजले. मग शववाहिका. मग स्मशानाचा पास. मग सामान कुठे मिळतं याची शोधाशोध. पहाटे कुणीतरी एका माणसाचा नंबर दिला. तो म्हणाला, "गाडी, सामान, गुरुजी, हार, सगळं धरून अठ्ठावीस हजार." त्या वेळी घासाघीस कोण करणार? काकूंनी कपाटातून एटीएम कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. पिन त्यांना ठाऊक नव्हता. आयुष्यभर काकाच पैसे काढायचे. शेवटी मी भरले.

सगळ्यात लाज वाटली ती पुढेच. तो माणूस सामान टाकून गेला. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड. आमच्या ४२ फ्लॅटमध्ये तिरडी बांधता येणारा एकही माणूस निघाला नाही. दोघे तर मोबाइलवर व्हिडिओ शोधत होते. अखेर वॉचमन आले. उदगीरकडचे आहेत. त्यांनी दहा मिनिटांत बांधली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या व्यापार मेळ्यात 'सुखांत' नावाच्या कंपनीने अंत्यविधीचा स्टॉल लावला होता, तिरडी सजवून ठेवलेला. ३७,५०० रुपये आधी भरा, पुढचं सगळं आम्ही पाहू, अशी योजना. त्याचे फोटो फिरले, लोकांनी विनोद केले. मीही हसले होते तेव्हा. आता हसू येत नाही. मी ६७ वर्षांची, एकटी. मुलगा टोरांटोला. त्याच्याशी बोलायला गेले तर "आई, अभद्र बोलू नकोस" म्हणून त्याने फोनच ठेवला.

असं काही करून ठेवावं का? कुणी ठेवलंय का?

घाटावरचा

नका करू. रागावू नका, पण हे वाचूनच कसंतरी झालं.

आमच्या गावात मयत झालं की सांगावं लागत नाही. एक जण पाहुण्यांना फोन लावायला बसतो, दोघे लाकडं बघायला जातात, म्हातारी माणसं पाणी तापवतात. त्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून कडू घास येतो. वर्षभर बांधावरून भांडणारा चुलतभाऊ पहिला खांदा द्यायला पुढे असतो. त्या दिवशी तो आला नाही तर मग मात्र संबंध संपला असं समजायचं. पैसे देऊन आणलेल्या चार पोरांनी खांदा दिला, तर त्याला खांदा म्हणायचं की हमाली?

कोपऱ्यातला

आणि त्याच भावकीला तेराव्याला बुंदी कमी पडली तर चार वर्षं ऐकून घ्यावं लागतं. कर्ज काढून तेरावा घातलेली दोन घरं माझ्याच आळीत आहेत. कडू घासाचं सांगता तसं हेही सांगा.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितोय. इथे ही पद्धत जुनी आहे, म्हणून अनुभव सांगतो.

इथे टीव्हीवर दुपारच्या कार्यक्रमांमध्ये याच जाहिराती असतात. हसरे आजी-आजोबा, "मुलांवर भार नको". भरपूर लोकांनी पैसे भरले. मार्च २०२२ मध्ये 'सेफ हँड्स' नावाची कंपनी बुडाली. तिच्याकडे सुमारे ४६,००० लोकांच्या योजना होत्या. पैसे ट्रस्टमध्ये सुरक्षित आहेत असं सगळ्यांना सांगितलेलं. प्रत्यक्षात ट्रस्टमध्ये द्यायला पुरेसे पैसे नव्हते. पुढे गंभीर आर्थिक घोटाळ्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयाने तपास सुरू केला. या धंद्यावर वित्तीय नियामकाची देखरेख आली ती २९ जुलै २०२२ पासून, म्हणजे घोडं निघून गेल्यावर तबेल्याला कुलूप. आता परवानगीशिवाय योजना विकता येत नाही, घरोघरी फोन करून विकायलाही बंदी आहे.

यातली गोम अशी की इतर कुठल्याही वस्तूत फसवणूक झाली तर गिऱ्हाईक भांडायला येतं. इथे गिऱ्हाईक येतच नाही. मुलांना तर कधीकधी योजना होती हेसुद्धा ठाऊक नसतं.

हिशेबनीस

मी सीए आहे. भावनेचं तुम्ही बघा, मी पैशाचं बोलतो.

आपल्याकडे अंत्यविधीचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. हा विमा नाही, बँकेतली ठेवही नाही. कंपन्यांच्या ठेवींबाबतचे २०१४ चे नियम पाहिलेत तर सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम साधारणपणे ३६५ दिवसांत त्या सेवेपोटी वळती व्हायला हवी, नाहीतर ती ठेव धरली जाते. आता अंत्यविधी ३६५ दिवसांत उरकेल याची हमी कोण देणार? (सांजवातताई, माफ करा, पण प्रश्न खरा आहे.) तुमची रक्कम या नियमात कशी बसवली आहे, हे कंपनीला लेखी विचारा. उत्तर काय येतं त्यावरून पुष्कळ कळेल.

दुसरं, साधा गुणाकार. ३७,५०० रुपये ७ टक्क्यांनी २० वर्षं ठेवले तर करापूर्वी सुमारे १ लाख ४५ हजार होतात. तेवढ्यात काय ते होईल.

तिसरं, खर्च मुळात कशावर होतो ते पाहा. पुण्यात महापालिकेच्या विद्युतदाहिनीला पैसे पडत नाहीत. मुंबईत महापालिका सरणाचं लाकूडही फुकट देते. म्हणजे अठ्ठावीस हजार गेले ते दहनाला नव्हेत. ते रात्रीच्या गोंधळाला गेले. अंत्यविधी आणि शववाहिका या सेवांवर जीएसटी लागत नाही, त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. कुणी बिलात लावला तर विचारा.

खातं मुलासोबत किंवा विश्वासातल्या माणसासोबत संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं. काकूंना पिन माहीत असता तरी काकांच्या एकट्याच्या खात्यातून ते गेल्यावर पैसे काढणं चूकच होतं. सगळे काढतात, तो भाग वेगळा. आणि तुम्ही भरलेले अठ्ठावीस हजार मागायला संकोच करू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ३२०: अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून, बाकी सगळ्या देण्यांच्या आधी.

सांजवात

काकूंनी आठव्या दिवशीच दिले. मीच घेत नव्हते.

घाटावरचा, तुमचं खोटं नाही. पण "अभद्र" म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात गंगेचा गडू होता, डाक लावून बंद केलेला. तो कशासाठी असतो हे घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. तिने एक पाटली वेगळी काढून ठेवली होती. "ही माझ्या दिवसांना, कुणाचे उपकार नकोत," असं सुनांसमोर चहा पिताना सांगायची. कुणी दचकायचं नाही. आपल्याकडे संन्यास घेणारा तर स्वतःचं श्राद्ध स्वतः करून निघायचा. मग मी पाटलीऐवजी पावती ठेवली तर अभद्र कसं?

घाटावरचा

पाटली तुमच्या आजीने सुनांच्या हवाली केली होती. कंपनीच्या नाही.

एकटी_राहते

इथे सगळे "मुलगा, सुना, भावकी" बोलताहेत. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ गेला, भाचा बोलत नाही. घाटावरचा, मला कडू घास कोण आणणार?

मी देहदानाचा फॉर्म भरला तेव्हा वाटलं, सुटले. नंतर कळलं की फॉर्म म्हणजे इच्छा, त्याने कुणी बांधलं जात नाही. मी गेल्यावर जवळच्या माणसाने कॉलेजला कळवायचं, संमती द्यायची. अपघात किंवा पोलीस केस असेल तर देह घेत नाहीत. काही संसर्ग असले तरी नाही. म्हणजे सगळं पुन्हा येऊन "जवळच्या माणसावर" थांबलं. तो माणूस कोण, हाच तर माझा प्रश्न होता.

म्हणून मला पैसे भरण्यात काही चूक दिसत नाही, पण पैसे भरल्याने माझं काम होत नाही हेही दिसतंय. हॉस्पिटलमधून मला ताब्यात घेण्यासाठी सही कंपनीचा माणूस करणार का? मी एका ठिकाणी फोनवर विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, तेवढं नातेवाइकांनी करायचं असतं." मग मी कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना घरी बोलावलं, थालीपीठं केली आणि सांगितलं. एक रडली. दुसरीने वहीत लिहून घेतलं. त्या दुसरीचा नंबर मी पाकिटात ठेवलाय.

न्यूजर्सीकर

सांजवातताई, तुमचा मुलगा ज्या जागी आहे त्याच जागी मी होतो, म्हणून लिहितोय. आजवर हे कुठे लिहिलं नाही.

अमेरिकेत मी हे सगळं पाहिलंय. इथे फ्युनरल होमला १९८४ पासून कायद्याने दरपत्रक दाखवावं लागतं, फोनवर विचारलं तरी भाव सांगावा लागतो. तरी २०२३ मध्ये दर्शन-विधीसह दहनाचा मध्यम खर्च ६,२८० डॉलर होता. इथे आधी भरून ठेवणं शहाणपणाचं मानतात, मीही मानायचो. नाशिकला बाबांनीही स्वतः सगळं ठरवून ठेवलं होतं. कोणाला फोन करायचा, कुठे न्यायचं, किती पैसे, गुरुजी कोण. "मुलासाठी थांबू नये" हेसुद्धा लिहिलेलं. मी ३१ तासांनी पोचलो. दार उघडं, जमीन पुसलेली, कोपऱ्यात दिवा. माझे काका म्हणाले, "सगळं अगदी व्यवस्थित झालं, तुला काही करायचं ठेवलं नाही रे त्यांनी."

ते त्यांनी कौतुकाने म्हटलं. मला मात्र अजूनही ते वाक्य रात्री ऐकू येतं. खरंच काही उरलं नव्हतं. मी दुकानात जाऊन उगीच दोन हार आणले.

भार नको, भार नको असं सगळे आईबाप म्हणतात. थोडा ठेवा हो.

कोपऱ्यातला

मी या धाग्यावर थट्टा करायला आलो होतो. जातो.

हिशेबनीस

न्यूजर्सीकर, वाईट वाटलं वाचून. पण ३१ तास काकूंसारख्या बाईने एकटीने देहाजवळ बसून काढायचे का, हाही हिशेब आहे. शवपेटी भाड्याने मिळते, मान्य. तरी नियम करता येणार नाही. ज्याने त्याने लिहून ठेवावं, थांबायचं की नाही.

टेम्सकाठ

थोडक्यात, योजना करा, पैसे देऊ नका. इथेही आता शहाणे सल्लागार बहुतेक वेळा तेच सांगतात.

एकटी_राहते

"पैसे देऊ नका" हे ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांना सोपं आहे. उद्या कुणी नीट कायदा करून, ट्रस्टमध्ये पैसे ठेवून, सहीसकट जबाबदारी घेणारी संस्था काढली, तर मी पहिल्या दिवशी रांगेत असेन. तुम्हा सगळ्यांना भावकी लखलाभ.

सांजवात

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. दोन आठवडे गेले मध्ये.

कंपनीला ३६५ दिवसांचं विचारलं. "वरिष्ठांना विचारून कळवतो" म्हणाले, अजून कळवलेलं नाही. तोवर पैसे भरत नाहीये. खात्यावर मुलाचं नाव घालायचे कागद दिले. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे दर तीन महिन्यांनी उगाच बीपी दाखवायला जायचं ठरवलंय, म्हणजे रात्री दोनला दाखला देताना त्यांना मी कोण ते माहीत असेल. लिफाफा केलाय, एक खालच्या मजल्यावर आणि एक काकूंकडे. त्यात लिहिलंय, विद्युतदाहिनी, तेरावा नको, मुलासाठी थांबू नका. पण अस्थी त्यानेच सावडायच्या आणि कुठे सोडायच्या ते त्याने ठरवायचं, मी मुद्दाम लिहिलेलं नाही. न्यूजर्सीकर, हे तुमच्यामुळे. मुलाला त्या ओळीचा फोटो पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा दिसत होत्या, मग फक्त "ओके" आलं. फोन ठेवण्यापेक्षा बरंच म्हणायचं.

आणि घाटावरचा, तुमच्यासाठी. वॉचमनना विचारलं, रविवारी सकाळी बिल्डिंगमधल्या पाच-सहा जणांना तिरडी बांधायला शिकवाल का? ते तयार आहेत. बांबू मी आणतेय. सेक्रेटरीही तयार आहेत, फक्त सूचना फलकावर लावायच्या नोटिशीत विषय काय लिहायचा यावर गाडं अडलंय.

घाटावरचा

गाठी कशा मारतात ते मी येऊन दाखवतो. पत्ता कळवा.

कोपऱ्यातला

परत आलो. "विषय: बांबूकाम प्रशिक्षण." बायकांनाही बोलवा.