फॅट बर्नर कॅप्सूल: डबीवरचं किती खरं?

जुळे_सोलापूर:
नवी पेठेत एकाने 'फॅट बर्नर'ची डबी दाखवली. गार्सिनिया, ग्रीन टी अर्क, ग्रीन कॉफी. वर लिहिलंय 'प्रोप्रायटरी ब्लेंड 800 मिग्रॅ'. म्हणे महिन्यात पाच किलो, कडक भाकरी-शेंगाचटणी न सोडता. बायकोसाठी घ्यायचा विचार आहे, तिला थायरॉईडची गोळी चालू आहे. घ्यावी का? डबीवर नेमकं काय बघायचं?

औषधखिडकी:
घोडं 'ब्लेंड'पाशीच अडतं. आठशेत कुठला अर्क किती, ते लिहिलेलंच नाही. ग्रीन टीच्या अर्कात ईजीसीजी नावाचं रसायन असतं. रोज 800 मिग्रॅ किंवा त्याहून जास्त पोटात गेलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात (लिव्हरला त्रास होत असल्याची खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलंय. चहाच्या कपाची ही गोष्ट नाही, अर्काची आहे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे.

गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचं भावंडच. त्यातलं एचसीए नावाचं आम्ल परीक्षानळीत चरबी बनवणारं एन्झाइम अडवतं, हे खरं. माणसात मात्र 1998 च्या अमेरिकी चाचणीत 135 जणांवर, रोज 1500 मिग्रॅ एचसीए 12 आठवडे देऊनही, बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. वर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच.

थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम, लोह, इसबगोल चार तासांनी. सप्लिमेंटमध्ये बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस थांबवा, नाहीतर टीएसएचचा (थायरॉईडच्या तपासणीचा) रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

परवाना_बघा:
डबीवरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर त्यांच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या साइटवर टाका आणि कंपनीचं नाव-पत्ता डबीशी जुळवा. पहिला आकडा 1 म्हणजे लायसन्स, पुढचे दोन राज्याचे (केंद्रीय असेल तर 00), त्यापुढचे दोन वर्षाचे. नंबर खरा निघाला तरी त्याने वजन उतरतं असं सिद्ध होत नाही, धंद्याला परवाना आहे एवढंच. विकणारा तोच नंबर पुरावा म्हणून पुढे करतो, भुलू नका.

माल औषध म्हणून विकला तर त्याच्या जाहिरातीला 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आडवा येतो. ठरावीक आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. लठ्ठपणा त्या आजारांच्या यादीत आहे. अन्न म्हणून विकला तर आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही.

आणि कॅप्सूलने खरंच झपाट्याने फरक पडला तर जास्त घाबरा. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात 2011 मध्ये बंद झालं, तरी जगभर 'हर्बल' मालात ते चोरून मिसळलेलं सापडतं. भूक एकदम मरते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, धडधड होते. असं झालं तर बिल आणि बॅच नंबरसकट डबी जपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

'डिटॉक्स' चहात बहुधा सोनामुखी असते. जुलाब होतात, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी जागच्या जागी.

आहारवही:
वजन उतरवण्यासाठी ऑर्लिस्टॅटला पुरावा आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध. 120 मिग्रॅ जेवणाबरोबर. खाल्लेल्या चरबीपैकी साधारण 30 टक्के पचू देत नाही. तेलकट खाल्लं की तेलकट जुलाब, घाईची लागते. ए, डी, ई, के जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना. वर्षभरात नुसत्या पथ्यापेक्षा दोन-तीन किलो जास्त उतरतात, बस्स. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब.

बाकी भाकरीचं: कडक भाकरी हाताला हलकी लागते कारण पाणी उडालेलं असतं. पीठ तेवढंच. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या सुमारे 170 कॅलरी, कडक असो की मऊ. कुरकुरीत म्हणून दोनाच्या चार होतात. शेंगाचटणी 30 ग्रॅम म्हणजे आणखी दीडशेच्या वर, वरचं तेल वेगळं. आठवडाभर पीठ थापण्याआधी काट्यावर मोजा आणि चटणी चमच्याने वाढा.

जुळे_सोलापूर:
डबी नको म्हणून सांगतो. ऑर्लिस्टॅटचं तिच्या डॉक्टरांनाच विचारू.