मदत हवी आहे : लॅटिन 'कोमेस'मधला 'त्' कुठून आला?

नमस्कार मंडळी, घरच्या घरी लॅटिन शिकतोय आणि एका शब्दापाशी अडलोय. कोमेस म्हणजे सोबती. 'कोम्' म्हणजे सह आणि 'इरे' म्हणजे जाणे, म्हणून बरोबर चालणारा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ती रीतसर पदवी झाली. पुढे त्यातूनच फ्रेंच कोंत आणि पोर्तुगीज कोंद आले. वास्को द गामाला 1519 मध्ये मिळालेली पदवी हीच, विदिगेराचा कोंद. आणि 'कोमेस स्ताबुली', तबेल्याचा अधिकारी, हा तर आपल्या नाक्यावरच्या कॉन्स्टेबलचा पूर्वज! हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता अडचण. प्रथमा कोमेस, पण षष्ठी कोमितिस, म्हणजे प्रातिपदिक (विभक्तिप्रत्यय लागण्याआधीचं मूळ रूप) 'कोमित्'. धातू नुसता 'इ', आपल्या संस्कृत 'एति'मधलाच. मग हा 'त्' कसला? संस्कृतात जि धातूपासून इंद्रजित् होताना पाणिनी ऱ्हस्व स्वरानंतर तुक् आगम, म्हणजे जादा 'त्' जोडायला सांगतो (अष्टाध्यायी 6.1.71). लॅटिनमधला 'त्' त्याचाच भाऊ मानायचा का?

दुसरं, मूळ स्वर 'इ' असेल तर प्रथमेत 'ए' का? युदेक्स, युदिकिस (न्यायाधीश) यातही तसंच दिसतं. एक्वेस, एक्वितिस (घोडेस्वार) याचीही जोडी तशीच, पण तिथे 'इ' धातू आहे की नुसता प्रत्यय?

तुलनात्मक व्याकरण शिकलेल्या कुणी जरा उलगडून सांगाल का? संस्कृतची उदाहरणं देऊन सांगितलंत तर मला लवकर समजेल.