नादार, हक्कदार, मतदार : या शब्दांतलं 'दार' कोणतं?

शब्दखुळी : आजोबांच्या ट्रंकेत त्यांचा शाळेतला अर्ज सापडला. 'मी नादार विद्यार्थी असून फी भरण्यास असमर्थ आहे, तरी नादारी मिळावी.' नादार म्हणजे गरीब हे कळलं. पण नादारी 'मिळावी'? गरिबी कुणी मागून घेतं का? आणि यात नाद कुठला?

माजी मास्तर : नादाचा संबंध नाही, ताई. फारसी शब्द आहे, ना + दार. दार म्हणजे बाळगणारा. मालदाराच्या उलट नादार. कायद्याच्या मराठीत नादारी म्हणजे देणं फेडायची ऐपत नसणं. शाळेत मात्र फीमाफीलाच नादारी म्हणू लागले. मी स्वतः अर्ध्या नादारीवर शिकलो. जून सरता सरता कारकून वर्गात येऊन यादी वाचायचे, नाव आलं की उभं राहायचं. फीचे पैसे वाचायचे, पण पुढचे दोन दिवस बाकावरच्या मित्राशी नीट बोलवत नसे. पुढे 'ईबीसी' आली, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीसवलत. तीन अक्षरांत काय दडलंय ते पोरांना कळायचं नाही, तेवढाच आडोसा.

शब्दखुळी : म्हणजे 'मोफत' हा शब्द त्या मानाने बराच म्हणायचा.

करवीरकर : मोफतही फारसीतूनच आला, पण त्यात उभं राहायला लागत नाही, कारण तो सगळ्यांना एकदम लागू होतो. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. आता गंमत बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही 'मोफत व सक्तीचे' हेच शब्द आहेत, पण तिथे सक्तीची व्याख्या वाचलीत तर ती सरकारवर आहे. शिक्षण पुरवायचं, मूल दाखल होतंय ना, शाळेत येतंय ना हे बघायचं, हे बंधन सरकारचं. शब्द तोच, पण त्याचं तोंड आईबापाकडून सरकारकडे फिरलं.

नाक्यावरचा : कायद्यात फिरलं असेल. खाजगी शाळेत याच कायद्याच्या (इंग्रजीत आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या पोराला अजून 'आरटीईवाला'च म्हणतात. मास्तरांची यादीच ती, फक्त इंग्रजीत.

हिशेबनीस : माझ्या मते नादारी, मोफत या सरकारी मदतीच्या शब्दांच्या घराण्यातला सगळ्यात दमदार शब्द 'हमी'. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात तिचं काम वाढलं, १९७७ मध्ये कायदा झाला. त्याआधी लोक 'दुष्काळी कामावर' जायचे, नंतर 'हमीवर' जाऊ लागले. खडी तीच, ऊन तेच. पण दुष्काळी काम सरकारच्या मर्जीचं, हमी मागता येते. आणि हमीला पैसा लागतो, तो शहरातून आला. पगारपत्रकात व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर १९७५ साली या हमीसाठीच बसवला. आमच्या ऑफिसात दर फेब्रुवारीला या शंभर रुपयांवरून कुरकुर होते. कशासाठी कापतात हे विचारलं, तर दहांतल्या एकालाही सांगता येत नाही.

शब्दखुळी : मग 'हक्कदार'मध्येही तेच दार?

माजी मास्तर : तेच. हक्क अरबी, दार फारसी. आणि 'मतदार'मध्ये मत संस्कृत, दार फारसी. हा जोड मला फार आवडतो. हिंदीत मतदाता म्हणतात, म्हणजे मत देणारा. दिलं की हात मोकळे. आपला मतदार मत बाळगणारा, निवडणूक संपली तरी मतदारच. ग्रामसभेला बसायचा अधिकारही मतदार यादीत नाव आहे म्हणून.

करवीरकर : यात एक भर. इंग्रजांच्या काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मतदार व्हायला जमीनमहसूल, कर किंवा शिक्षण असली काहीतरी अट होती. म्हणजे नादार माणूस बहुधा मतदार होऊ शकत नव्हता. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८ साली सरसकट प्रौढांना मताधिकार मागितला होता. तो राज्यघटनेने दिला.

शब्दखुळी : अर्ज पुन्हा काढून पाहिला. तारीख जुलै १९५१. म्हणजे आजोबांच्या वडिलांनी मुलाच्या नादारीच्या अर्जावर अंगठा उठवला आणि पुढच्याच हिवाळ्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मतदार झाले. अर्ज लॅमिनेट करायला टाकलाय.