फ्लॅटमधल्या मरीन टँकमध्ये बॅटफिश ठेवावा का?

घोडबंदरची मीनाक्षी:
माझं मत आधीच सांगून टाकते: टू बीएचकेमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक ठेवून त्यात बॅटफिश, म्हणजे लांब परांचा चपटा समुद्री मासा, आणू नये. गेल्या आठवड्यात एका दुकानात टेइरा जातीच्या बॅटफिशचं ४ इंची पिल्लू "शांत आहे, काहीही खातो" असं सांगून विकत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण टेइरा आणि ऑर्बिक्युलॅरिस या दोन्ही जाती दीड-दोन फुटांपर्यंत वाढतात, हे कोणी सांगत नाही. पिल्लाचे वरचे-खालचे पर इतके लांब असतात की माशाची उंची लांबीपेक्षा जास्त भरते. आपल्याकडचे तयार टँक उंचीला जेमतेम दीड फूट. पर खाली वाळूला घासतात, टोकं झिजतात, मग तिथेच संसर्ग होतो. मोठा झालेला मासा दुकानदार परत घेत नाही. आणि खाडीत सोडायचा विचार तर मनातही आणू नका.

नेरूळकर:
ताई, सरसकट "नको" मला पटत नाही. माझ्याकडे ७ बाय अडीच बाय अडीच फुटांचा टँक आहे, सुमारे १,२०० लिटरचा, आणि त्यात ऑर्बिक्युलॅरिस आहे. पिल्लू असताना तो एका कुशीवर होऊन वाळलेल्या पानासारखा तरंगायचा, समुद्रातही पिल्लं असंच करून शिकाऱ्यापासून वाचतात. आता मी हॉलमध्ये आलो की काचेला येऊन चिकटतो, कोळंबीचा तुकडा बोटांतून अलगद घेतो, नोरीची (वाळवलेल्या समुद्री शैवालाची) पट्टी क्लिपवरून ओढून खातो. माणूस ओळखणारा इतका देखणा मासा दुसरा दाखवा.

स्ट्रक्चरवाला, कोपरखैरणे:
माशाचं तुम्ही बघा, मी स्लॅबचं बोलतो. १,२०० लिटर खारं पाणी, काच, दगड, स्टँड मिळून दीड टनाच्या घरात जातं. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा भार, चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलेला असतो. तुमच्या टँकखाली तो ९०० च्या आसपास भरतो. स्लॅब थोडा भार आजूबाजूला वाटून घेतो, बीमलगत ठेवला तर निभावतंही. पण इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवल्याशिवाय नाही, आणि जुन्या इमारतीत तर मी हो म्हणणारच नाही.

नेरूळकर:
तळमजला आहे दादा, खाली पार्किंग नाही, थेट जमीन.

घोडबंदरची मीनाक्षी:
म्हणजे तळमजला, हॉलची अख्खी भिंत आणि तुमच्यासारखा माणूस, एवढं जमलं तेव्हा एक मासा नीट राहिला. किती जणांकडे आहे हे? लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे पहिल्यांदाच ४२ किलो मीठ. १५ टक्के पाणी बदलायचं तर दर वेळी सहा किलोच्या वर. खाणारा मासा, त्यामुळे घाण भरपूर, स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, मोठाच हवा. आरओ फिल्टरमधून जितकं शुद्ध पाणी मिळतं त्याहून जास्त वाया जातं, आणि पाणीकपातीच्या आठवड्यात ते शेजाऱ्यांना सांगून बघा!

खारघर रीफ:
पिनाटस या तिसऱ्या जातीचं वेगळं बोलायला हवं. काळं अंग, नारिंगी काठ, विषारी चपट्या कृमीची नक्कल करणारं पिल्लू, बघताक्षणी हात खिशाकडे जातो. पण टँकमध्ये आल्यावर बहुतेक वेळा अन्नाला तोंडच लावत नाही आणि उपाशी मरतो. हा कोणीच आणू नये, कितीही मोठा टँक असो. शिवाय ग्रेट बॅरियर रीफवर सागरी शास्त्रज्ञ बेलवूड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की प्रवाळांवर माजलेलं सरगॅसम शैवाल पोपटमाशांनी नाही, तर पिनाटसच्या थव्याने फस्त केलं. असा मासा समुद्रातच हवा. आणि रीफ टँकवाल्यांनो, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवणाऱ्यांनो, कुठलाच बॅटफिश तुमच्यासाठी नाही, तो प्रवाळांचे पॉलिप (इवले जीव) आणि अॅनिमोन (समुद्रफूल) कुरतडतो.

नेरूळकर:
पिनाटसचं शंभर टक्के मान्य. पण ऑर्बिक्युलॅरिसची ताहितीत खाण्यासाठी शेतीसुद्धा होते, तो काटक आहे. बंदीची भाषा केली की लोक चोरून आणतात आणि मग सल्लाही विचारत नाहीत.

घोडबंदरची मीनाक्षी:
बंदी मी मागत नाही. विकणाऱ्याने पिल्लाच्या टाकीवर पूर्ण वाढीची लांबी आणि लागणारे लिटर लिहावेत, आणि घेणाऱ्याने टँक आधी उभा करून मग मासा आणावा. आठशे-हजार लिटरच्या खाली तर नाहीच. तुम्ही येताय का दुकानदारांशी बोलायला?

नेरूळकर:
येतो. वाशीपासून सुरू करू. माझ्या माशाचा फोटोही घेऊन येतो, ४ इंचाचं पुढे काय होतं ते त्यांनाही दिसू दे.