पन्हाळेकाजीची लेणी आणि कोकणातलं जुनं शिलाहार राजघराणं, यांवर नीट अभ्यासाचं पुस्तक कुठलं?

माडाखालचा: परवा दापोलीहून पन्हाळेकाजीला जाऊन आलो. कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी, काहींत चक्क नाथपंथी मूर्ती, आणि डोकं चक्रावलं! ट्रेकवाल्यांचे ब्लॉग नकोत, जरा ठोस काहीतरी सांगा ना.

खारवी: म. न. देशपांड्यांचं पुस्तक बघा, 1986 चं, पुरातत्त्व खात्याचं, इंग्रजीत आहे. गावात ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यावरचा दानलेख) सापडला, त्यावरून हे ठिकाण म्हणजे जुनं प्रणालक हे त्यांनी जुळवलं. फोटो काळेपांढरे आहेत पण वर्णन एकदम बारकाईचं.

जुनी_पडवी: शिलाहारांसाठी मिराशींचा त्यांच्या कोरीव लेखांचा 1977 चा खंड, आणि मराठीच हवं असेल तर तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख', 1963. अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख त्यात वाचा आणि मग तिथे जाऊन तो दगड बघा, वर चंद्रसूर्य, म्हणजे दान तोवर टिको, आणि मोडणाऱ्याला घाणेरडी शिवी! शके 934 म्हणजे 1012 असं सगळीकडे छापतात, पण त्या वाचनावर वाद आहे हां, डोळे मिटून घेऊ नका.

माडाखालचा: मस्त! तुळपुळे विकत मिळेल का कुठे?

जुनी_पडवी: जुन्या पुस्तकांच्या दुकानात नशीब. माझी प्रत गेल्या पावसात बुरशीने गेली, पानं पापडासारखी चिकटली, तेव्हा मिळालं तर आधी स्कॅन करा आणि माळ्यावर अजिबात ठेवू नका.