मॅच रंगात आली की पीसी फट्‌कन बंद, एरवी दिवसभर काही होत नाही. काय असेल?

रंकाळा_रशर
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले डोकं उठलंय. घरचा पीसी आहे, आय५ १०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आणि गणपतीत सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. दिवसभर चालतो, बहिणीचे क्लास, बाबांचं टॅली, युट्यूब, काही म्हणजे काही नाही. पण रात्री व्हॅलोरंट गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत बंद. निळी स्क्रीन नाही, हँग नाही, पंखेसुद्धा थांबतात, कुणी वायर उपसल्यासारखं. आणि ते पण नेमकं सगळे मिळून साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) घुसलो की. पोरं म्हणतात हरायला लागला की पळतो, वर मॅच सोडल्याची पेनल्टी मलाच बसते ती वेगळीच. विंडोज दोनदा टाकून झालं, ड्रायव्हर झाले. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी कर्नल-पॉवर ४१ दिसतं. इथला एक रिपेअरवाला न उघडताच म्हणाला मदरबोर्ड गेलाय, आठ हजार होतील. घरात अजून सांगितलेलं नाही 😐

पेस्ट_लावा_पेस्ट
हीटिंग आहे भावा, डोळे झाकून सांगतो. इंटेलच्या बॉक्ससोबत येतो त्या कूलरच्या चार पिना असतात, त्यातली एक हमखास उचकटलेली असते. कूलर हलवून बघ, हलला तर तेच. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदल, धूळ काढ, होईल.

जुना_सोल्डर
थांबा, लगेच पाना-पेचकस घेऊ नका. ४१ म्हणजे नुसता पंचनामा असतो हो, वीज अचानक गेली एवढंच त्यात लिहितात, कुणी घालवली ते नाही. त्यातला बगचेक कोड बघ, शून्य असेल तर विंडोजला एरर नोंदवायलासुद्धा वेळ मिळालेला नाही, मग विंडोज कितीही वेळा टाक. आता तीन गोष्टी बघून सांग. एक, बंद होतो तेव्हा मॉनिटर पण जातो का नो सिग्नल दाखवत चालू राहतो? दोन, लगेच बटण दाबलं तर सुरू होतो का? तीन, जायच्या आधी गेम अडखळतो का? आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून लॉगिंग चालू ठेव, म्हणजे बंद पडायच्या आधीचं शेवटचं तापमान फाइलमध्ये राहील.

रंकाळा_रशर
कोड शून्यच आहे. काल मुद्दाम दोन मॅच मारल्या (दोन्हीत गेलो 🙏). मॉनिटर चालूच राहतो, नो सिग्नल येतो. लगेच बटण दाबलं तर ढिम्म. मागचं स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबलो की मग होतो. अडखळत अजिबात नाही, १८० च्या पुढे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) असतात आणि डायरेक्ट अंधार. लॉगमध्ये शेवटी सीपीयू ६९, कार्ड ७२.

जुना_सोल्डर
मग हीटिंग बाजूला ठेवू. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री, तिथे पोचला की तो आधी स्वतःच वेग कमी करतो, गेम रखडतो, आणि तरीही तापतच गेला तर बंद. तू तर सत्तरीच्या आत आहेस. मॉनिटर त्याच स्विचबोर्डवर असेल आणि तो चालू राहतोय, म्हणजे भिंतीतून वीज येतेय. आणि मागचं स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय चालू न होणं, हे एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) प्रोटेक्शन लागल्याचं लक्षण. एसएमपीएस कुठला आहे?

रंकाळा_रशर
कॅबिनेटसोबत आलेला, ४५० वॅटचा. पण दादा, कार्डच्या साइटवर पण किमान ४५० वॅटच लिहिलंय की, मी घ्यायच्या आधी बघितलं होतं!

आयटीवाली_ताई
अरे तिथेच तर सगळे फसतात. कंपनी सांगते ते चांगल्या एसएमपीएसचं, कॅबिनेटसोबत येणाऱ्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेलं असतं. बाजूचा दरवाजा काढ आणि स्टिकरवरचा बारीक तक्ता वाच, +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते. त्याला १२ ने गुण, तेच तुझे खरे वॅट, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच खातात.
आणि पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटची टेस्ट कर. गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस ६० वर लॉक कर आणि तासभर खेळ. टिकला तर लोडचाच प्रॉब्लेम.

रंकाळा_रशर
ताई, ६० वर दोन तास खेळलो, एकदाही नाही गेला!! खेळताना कसंतरीच वाटतं, पण टिकला. स्टिकरचा फोटो मोठा करून वाचला, +१२ व्होल्ट, १६ ए.
अजून एक, एसएमपीएसला कार्डची ८ पिनची वायर नव्हतीच, ज्याच्याकडून कार्ड घेतलं त्यानेच दोन मोलेक्स (जुन्या ४ पिनच्या वायरी) जोडायचा कन्व्हर्टर दिला होता. तो आज काढला तर एका बाजूचं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालंय आणि जळका वास येतोय.

जुना_सोल्डर
१६ गुणिले १२, १९२ वॅट. ते पण नवा असताना. कार्ड एकटं १२५ चं, क्षणभर त्याच्यावर पण उडी मारतं. प्रोसेसर म्हणायला ६५ चा, पण इंटेल त्याला टर्बोत, म्हणजे वेग वाढवताना, थोडा वेळ १३४ पर्यंत जाऊ देतं. स्मोक, ग्रेनेड, दहा जण एकाच ठिकाणी, दोघं एकदम ओढतात, आणि तुझा राउंड तिथेच संपतो. टॅलीला यातलं काहीच लागत नाही म्हणून बाबांच्या वेळी पीसी गुणी बाळ.
तो कन्व्हर्टर परत लावू नकोस, आग लागायचं काम आहे ते. नवा घेईपर्यंत कार्ड काढून ठेव. १०४००एफला स्वतःचं डिस्प्ले नसतं, तेव्हा जुनं कार्ड असेल तर ते लाव, नाहीतर पीसी बंद ठेव. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), कार्डची ६+२ पिनची वायर स्वतःची असलेला एसएमपीएस घे. आणि जुना उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नकोस, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात.

पेस्ट_लावा_पेस्ट
बरं, मी चुकलो. पण एसएमपीएस बदलायला उघडणारच आहेस तर कूलर हलवून बघच 😅

रंकाळा_रशर
अपडेट. शाहूपुरीतून नवीन एसएमपीएस आणला, बाबांना मदरबोर्डचे आठ हजार सांगून मग हे चार हजार सांगितले त्यामुळे लगेच मिळाले. तीन दिवस झाले, एफपीएस लॉक काढलाय, काल सलग पाच मॅच, एकदाही नाही. कूलरची एक पिन खरंच उचकटलेली होती, पेस्टवाले भाऊ, अर्धा मान तुम्हाला. दाबून बसवली, सीपीयू ६९ वरून ६३ वर आला.
एकच राहिलं. काल खेळताना लाइट गेली, यूपीएसने एक लांब बीप दिला आणि मॉनिटरसकट सगळं बंद. यूपीएस ६०० चा आहे, आता तर पीसी एवढं ओढत पण नाही ना?

आयटीवाली_ताई
६०० काय? वॅट का व्हीए (व्होल्ट-अँपिअर, खरे वॅट त्याहून कमी)? मागे उलटा करून बारीक अक्षरं वाच 😄

रंकाळा_रशर
६०० व्हीए. खाली ३६० वॅट.
मॉनिटर, राउटर, बहिणीचा टेबल लॅम्प, आणि स्पीकर पण त्यावरच आहेत.

जुना_सोल्डर
स्पीकर आणि लॅम्प आधी भिंतीत लाव. बॅटरी किती वर्षांची आहे?